समुद्राच्या हवामानाचं पेड ॲप, सीझनभर वापरून: लाटेची उंची दाखवता, मग पिरियड (एका लाटेमागून दुसरी यायला लागणारे सेकंद) का काढला?

ॲपचं नाव लिहीत नाही. वारा, लाट, भरती-ओहोटी, पाऊस, वादळाचा ट्रॅक असं सगळं एका नकाशावर दाखवणाऱ्यांपैकीच आहे, फीचर्स सगळ्यांना माहीत आहेत, त्यामुळे ती यादी देत बसत नाही. गणपती झाले की आम्ही होडी पाण्यात घालतो तेव्हा वर्षाचं सबस्क्रिप्शन घेतलं होतं, आता रिन्यूचा मेसेज यायला लागलाय आणि तो बघून डोकं तापतंय, म्हणून लिहितोय.

होडी फायबरची, छोटी, आऊटबोर्ड इंजिनाची. रत्नागिरी जिल्ह्यातली खाडी, बाहेर पडायचं तर खाडीच्या मुखावरचा वाळूचा बार, म्हणजे पाण्याखालचा उथळ वाळूचा बांध, ओलांडावा लागतो. ज्यांना असा बार आहे त्यांना पुढचं सगळं न सांगता कळेल.

आधी चांगलं सांगतो कारण चांगलंही आहे. वाऱ्याला हे ॲप खरोखर मस्त आहे. थंडीत पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, नऊ-दहाला पडतो, मग दुपारी वायव्येकडून खारा वारा चढतो आणि तीनपर्यंत समुद्र सगळा पांढरा होतो, हे आपल्याकडे लहान पोराला पण माहीत आहे, पण तो किती वाजता चढणार आणि वेग दहा नॉट का सोळा, हे मला आदल्या रात्री कळायला लागलं. फुकटातल्या बऱ्याच ॲपमध्ये जीएफएसचं, म्हणजे अमेरिकेचं जगभराच्या हवामानाचं मॉडेल असतं, ते नकाशाचे चौकोन पाडून अंदाज काढतं आणि त्याचा चौकोन पाव डिग्रीचा, म्हणजे साधारण सत्तावीस किलोमीटरचा. तेवढ्या चौकोनात किनारा, डोंगर, खाडी सगळं एकच होऊन जातं आणि खारा वारा कमी दाखवतो. पेडमध्ये बारीक चौकोनाचं मॉडेल मिळतं, फरक दिसतो. तेव्हा विचारलं असतंत तर चार स्टार दिले असते, पैसे वसूल म्हणालो असतो.

आता मुद्दा. तेव्हा लाटेच्या ओळीखाली तीन गोष्टी वेगळ्या यायच्या: वाऱ्याची लाट (तिथल्या तिथे वाऱ्याने उठलेली), पहिला स्वेल, दुसरा स्वेल (स्वेल म्हणजे लांबून चालून आलेली लाट), आणि प्रत्येकापुढे उंची, दिशा, पिरियड. मी उंचीपेक्षा पिरियडच बघायचो. फेब्रुवारीच्या आसपास मोठा अपडेट आला, स्क्रीन एकदम सुटसुटीत केली म्हणे, आणि तिन्हींची मिळून एकच उंची ठेवली, शेजारी हिरवा, पिवळा, लाल ठिपका. पिरियड गेला. कुठल्याच मेनूत नाही.

काही जणांना वाटेल एवढ्या एका आकड्यासाठी काय रडतोय. म्हणून आकड्यातच सांगतो. सहा सेकंदाची लाट खोल पाण्यात साधारण छप्पन्न मीटर लांब असते, सोळा सेकंदाची चारशे मीटर. उंची दोन्हीची ०.९ मीटर धरा, ॲपवर दोन्ही सारख्याच दिसतील, हिरवा ठिपका. पण लाटेबरोबर येणारी ताकद उंचीच्या वर्गावर आणि पिरियडवर जाते, म्हणजे सोळावालीत अडीच पटीपेक्षा जास्त. बाहेर ती कळतसुद्धा नाही, होडी हळूच वर जाते हळूच खाली येते, पाण्यात झोप लागेल असा दर्या. बारवर दोन मीटर पाणी असलं की सहावाली जवळपास तेवढीच राहते आणि सोळावाली दीडपटीच्या वर चढते आणि तिथेच फुटते. त्यात ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर जोरात येत असेल तर समोरासमोर गाठ पडून लाट आखूड आणि उभी होते. आणि ०.९ म्हणजे प्रत्येक लाट ०.९ नव्हे हो, सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची ती सरासरी असते, मधूनच एखादी जवळपास दुप्पट येते.

एप्रिलच्या शेवटाला नेमकं हेच झालं. वारा पाच-सहा नॉट, लाट ०.९, ठिपका हिरवा, आकाश स्वच्छ. बाहेर पडताना भरती होती, काही जाणवलं नाही. परत येताना ओहोटी लागलेली आणि बारवर एकापाठोपाठ मोठ्या लाटा फुटत होत्या, मग बराच वेळ शांत, मग परत रांग. मागून एक लाट चढली आणि होडी अर्धी भरली. माणसं सुखरूप, इंजिन चालू राहिलं, वायरलेस सेट आणि बर्फाची पेटी मात्र गेली. त्या सेटची किंमत या सबस्क्रिप्शनपेक्षा कितीतरी जास्त आहे.

घरी येऊन इन्कॉइसचं, म्हणजे समुद्राचे अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या सरकारी संस्थेचं, बघितलं तर तिथे स्वेलचा इशारा आदल्या दिवसापासून होता, नैर्ऋत्येकडून लांब पिरियडचा स्वेल, खाडीच्या मुखाशी आणि उथळ पाण्यात लहान बोटींनी सांभाळा म्हणून. हा स्वेल आपल्याकडच्या वाऱ्याचा नसतोच. तिकडे खाली दक्षिण हिंदी महासागरात, चाळीस अक्षांशाच्या आसपास वादळं चालू असतात, तिथली लाट सहा-साडेसहा हजार किलोमीटर चालून येते. सोळा सेकंदाचा स्वेल दिवसाला हजारेक किलोमीटर येतो, म्हणजे सहा-सात दिवस. लांब पिरियडची लाट जोरात पळते म्हणून ती आधी पोचते, उंची कमी असतानाच, आणि मोठ्या उंचीच्या मागून येतात. म्हणजे पिरियड एकदम वाढलेला दिसला की एक दिवसाची आगाऊ सूचना हातात असते. केरळात याला कल्लक्कडल म्हणतात, ३१ मार्च २०२४ ला तिकडे किनाऱ्यावरच्या घरांत पाणी शिरलं होतं, आणि तेही वादळ नाही वारा नाही असं असताना. ही सगळी माहिती ज्या आकड्यात आहे तोच आकडा ॲपने स्क्रीन सुटसुटीत करायला काढला.

कस्टमर केअरला लिहिलं. पहिलं उत्तर, ॲप काढून परत टाका. दुसरं, स्क्रीनशॉट पाठवा. पाठवला. मग आठवडाभर काही नाही, आणि मग उत्तर आलं की पिरियड हा सर्फिंग करणाऱ्यांच्या उपयोगाचा असल्याने तो आता सर्फिंग पॅकमध्ये आहे, वेगळे पैसे भरा. मी पैसे भरले तेव्हा तो त्यात होता! वर्षाचे पैसे आधीच घेतलेत आणि अर्ध्या वर्षात वस्तू काढून दुसऱ्या पाकिटात घालून परत विकताय. आणि सर्फिंगवाल्यापेक्षा बार ओलांडणाऱ्याला पिरियड जास्त लागतो, सर्फिंगवाल्याला लाट पाहिजे असते, आम्हाला ती टाळायची असते. रिफंड मागितला, नियमात बसत नाही म्हणाले.

एवढं लिहून ठेवलं होतं आणि मेमध्ये अजून एक अपडेट आला, म्हणून मत थोडं बदलतोय. पिरियड परत आणलाय, बहुतेक बऱ्याच लोकांनी आरडाओरडा केला. एक स्टारचे दोन करतो. पण आणलाय तो सगळ्या लाटांचा मिळून एकच, ज्या लाटेचा जोर सगळ्यात जास्त तिचा. आता बघा काय होतं: सकाळी वारा नसतो, आकडा दिसतो चौदा सेकंद. दुपारी खारा वारा चढला की वाऱ्याच्या लाटांचा जोर जास्त होतो आणि आकडा धाडकन पाचवर येतो. चौदा सेकंदाचा स्वेल कुठे गेलेला नसतो, खाली चालूच असतो, आणि आपण नेमके दुपारीच परत येत असतो. बघणाऱ्याला वाटणार स्वेल संपला. त्यामुळे स्वेल वेगळा दाखवत नाहीत तोपर्यंत दोनच्या वर जाणार नाही.

वादळाबद्दलही थोडं. दहा दिवस पुढचे लाल गोल दाखवतात आणि त्याचे स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरतात, बिचाऱ्या घरच्यांचा जीव टांगणीला. निसर्ग वादळ १ जून २०२० ला डिप्रेशन (वादळाआधीचा कमी दाबाचा टप्पा) झालं आणि ३ जूनला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, अरबी समुद्रात गोष्टी एवढ्या भराभर होतात. वादळासाठी मी फक्त आयएमडीचं, म्हणजे भारतीय हवामान खात्याचं, बुलेटिन धरतो. त्यांचा पहिला इशारा बहात्तर तास आधीचा, मग अठ्ठेचाळीस, मग चोवीस, आणि मच्छीमारांना कुठल्या भागात जाऊ नका हे त्यात स्पष्ट असतं. ॲपने फुकट दिलं तरी हे काम ॲपला देऊ नये.

आता माझी पद्धत अशी झालीये. लाट, स्वेल, पिरियड इन्कॉइसवर, पैसे लागत नाहीत. त्यांची लहान बोटींसाठीची वेगळी सेवा पण आहे, सात मीटरपर्यंत रुंदीच्या बोटींसाठी, त्यात नुसती उंची नाही तर लाट किती उभी आहे, किती दिशांनी येतेय, वारा किती पटकन वाढतोय हे सगळं धरून होडी उलटायचा धोका सांगतात. दिसायला साइट जुनाट आहे आणि मोबाइलवर नकाशा हलवताना वैताग येतो, रेंज कमी असली तर अजूनच. रत्नागिरीसमोरच्या लाटा मोजणाऱ्या बोयाचा आकडा मिळाला तर तो अंदाजाच्या शेजारी ठेवून बघतो. वारा मात्र अजून याच ॲपवर बघतो, सबस्क्रिप्शन संपेपर्यंत.

रिन्यू करणार नाही. ऑटो पेमेंट बंद केलंय, तुम्हीही आधी ते बंद करा, कारण पैसे गेल्यावर परत मिळत नाहीत हे मला लेखी कळवलंय. पावसाळ्यात तसंही होडी वर ओढलेली असते, बाहेर तीन-चार मीटरच्या लाटा, ॲप बघून करायचं काय. नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ आहे. मालवण, वेंगुर्ला, हर्णैकडे कोणी असं काही वापरत असेल जे स्वेलचा पिरियड आणि दिशा वेगळी दाखवतं आणि खाडीच्या मुखाशी प्रत्यक्षात जुळतं, तर नाव आणि वर्षाचा खर्च दोन्ही लिहा.