घर की शाळा? सीमाभागात मत कुठं घडतं

१ नोव्हेंबरला बेळगावात शाळेवर राज्योत्सवाचा, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाचा, लाल-पिवळा झेंडा लागतो, तर बेळगाव महाराष्ट्रात नाही या निषेधात घरी आजोबा दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला निघतात. शाळेचं बळ रोजच्या सरावात आहे: सक्तीची कन्नड, नाडगीत (कर्नाटकाचं राज्यगीत), कर्नाटक एकीकरणाचा धडा. घराचं बळ आठवणीत. १७ जानेवारीला आजी नातवाचं बोट धरून सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करायला नेते. बेळगाव कर्नाटकातच ठेवा म्हणणाऱ्या महाजन अहवालावर जेवताना आवाज चढतात. हे परीक्षेत येत नाही, तरी पोरांना पाठ असतं.

माझ्या मते अस्मितेत घरच भारी. मतपेटीचं तसं नाही. २०१८ आणि २०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत, सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही आमदार निवडून आला नाही. काळी फीत बांधणाऱ्या घरांतली पोरंही राष्ट्रीय पक्षांकडे वळली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.