पुरुषांचं पोट : लायपोसक्शन, टमी टक की वजन उतरवणं?

आधी उताणे झोपा आणि बेंबीच्या बाजूची कातडी अंगठा व बोटांच्या चिमटीत धरा. मग मान थोडी उचलून पोट आवळा आणि पुन्हा धरून बघा. चिमटीत जाड वळी आली, तर ती त्वचेखालची चरबी. पोट पुढे आलेलं, पण टणक आहे आणि चिमटीत फारसं काही येत नाही, तर चरबी आत, आतड्यांभोवती साठली आहे. चरबी ओढून घेणारी लायपोसक्शनची नळी पोटाच्या स्नायूंच्या वरच्या थरातच फिरते. आतल्या चरबीपर्यंत ती जात नाही, आणि जाताही कामा नये.

पुरुषांत आतली चरबी साठण्याचा कल जास्त असतो. त्यातून आपण भारतीय. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. म्हणून वजनकाट्यापेक्षा टेपवर विश्वास ठेवा. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की साखर, रक्तदाब आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासून घ्यावं.

पोट असं आतून वाढलेलं असेल, तर माझं मत स्पष्ट आहे: वजन उतरवणं हाच मार्ग. वजन घटू लागलं की आतली चरबी तुलनेने लवकर हलते. वेळ मात्र महिन्यांत मोजायचा. आहार आणि व्यायामाने भागलं नाही, तर आता सेमाग्लुटाइड, टिर्झेपेटाइडसारखी वजन उतरवणारी इंजेक्शनं आहेत, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. लायपोसक्शनने हे काम होत नाही. २००४ मध्येच अमेरिकेत १५ स्थूल स्त्रियांच्या पोटातून सुमारे १० किलो चरबी काढली गेली. दहा-बारा आठवड्यांनी पाहिलं, तर इन्सुलिनचा परिणाम, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांत सुधारणा नव्हती. अभ्यास स्त्रियांवरचा असला, तरी मधुमेहावरचा उपाय म्हणून कोणी लायपो सुचवत असेल, तर तिथून उठून यावं.

लायपो शोभतं ते वेगळ्या माणसाला. वजन सहा महिने स्थिर, अंगाने बरा, फक्त कंबरेच्या कडेची आणि बेंबीखालची वळी हटत नाही, कातडी अजून घट्ट. पुरुषांची कातडी जाड असल्याने ती बऱ्यापैकी आवळून येते. मात्र पुरुषांची चरबी तंतुमय, चिवट असते, विशेषतः कंबरेच्या मागच्या बाजूला, म्हणून बरेच सर्जन कंप पावणारी किंवा अल्ट्रासाउंडची नळी वापरतात. चरबी कोरून ‘सिक्स पॅक’ काढून देतात, त्याबद्दल दोनदा विचार करा. पुढे वजन वाढलं, तर त्या रेघा पोटावर विचित्र दिसतात.

वजन खूप उतरलंय आणि कातडी लोंबतेय, तर लायपोने ती आणखी सैल दिसेल. तिथे टमी टक. जास्तीची कातडी कापली जाते, सैल स्नायू टाके घालून ओढून घेतले जातात. त्याची किंमत म्हणजे कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत जाणारा कायमचा व्रण आणि लांबलेली विश्रांती. लायपोनंतर बैठ्या कामावर साधारण आठवड्याभरात जाता येतं. टमी टकला दोन-तीन आठवडे धरा, आणि जड उचलणं सहा आठवडे बंद.

लायपोनंतर चार ते सहा आठवडे घट्ट पट्टा घालावा लागतो, मुंबईच्या मे महिन्यात तो सोसत नाही, तेव्हा तारीख त्या हिशेबाने घ्या. सूज पूर्ण उतरायला तीन ते सहा महिने. आणखी एक गोष्ट पुरुषांना क्वचितच आधी सांगितली जाते: द्रव खाली उतरून वृषणांची पिशवी सुजू शकते, काळीनिळी पडू शकते. बहुधा ती आपोआप उतरते, पण माहीत नसलं तर माणूस घाबरून जातो.

खोकताना बेंबीपाशी फुगवटा येतो का, हे सर्जनला दाखवाच. तो हर्निया असू शकतो, आणि लक्षात न आलेल्या हर्नियात नळी शिरली तर आतड्याला भोक पडू शकतं. शंका असेल तर आधी सोनोग्राफी. तंबाखू-सिगारेट निदान चार आठवडे आधी बंद, आणि अ‍ॅस्पिरिनसारखी गोळी चालू असेल तर ती न लपवता सांगा, स्वतःहून थांबवू नका.

सर्जनकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, भूल कोण देणार, रात्री काही झालं तर आय.सी.यू. कुठे, हे विचारायला संकोचू नका. लायपोत एका वेळी चरबी आणि द्रव मिळून पाच लिटरच्या वर काढायचं म्हणत असतील, तर रात्रभर रुग्णालयात ठेवणार का, हेही विचारा. आरोग्यविमा सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेचे पैसे सहसा देत नाही, त्यामुळे अंदाजपत्रक लेखी घ्या: भूल, पट्टा, तपासण्या आणि गरज पडल्यास दुरुस्तीची शस्त्रक्रिया, सगळं धरून.