‘सर्वांचे स्वागत’ म्हणजे कुठपर्यंत? समावेशक ख्रिस्ती मंडळी निवडताना

‘सर्वांचे स्वागत आहे’ ही पाटी लावणाऱ्या बहुतेक चर्चचा हेतू प्रामाणिक असतो. ‘सर्व’ या शब्दात कोणाकोणाला धरले आहे आणि हे स्वागत कुठपर्यंत आहे, एवढे मात्र पाटीवरून कळत नाही. घटस्फोटित, समलिंगी जोडपे, पारलिंगी व्यक्ती, चाकांच्या खुर्चीवरून येणारे, श्रद्धा डळमळलेले असे कोणीही आले तरी पहिल्या रविवारी गीतपुस्तक हसूनच हाती दिले जाते. त्यांच्यापैकी तिसऱ्या वर्षी शास्त्रपाठ कोण वाचतो, मंडळीच्या समितीवर कोण निवडून येतो आणि कोणाचा विवाह त्याच वेदीसमोर लागतो, हे पाहिले म्हणजे त्या ‘सर्वां’चा खरा अर्थ उलगडतो. म्हणून मंडळ्यांची तुलना करताना दारावरच्या आदरातिथ्याला मी कमी गुण देतो आणि सभासदत्व, प्रभुभोजन (येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याचा विधी), विवाह व दीक्षित सेवा (पाळक किंवा याजक म्हणून विधिवत नेमणूक) यांविषयीच्या नियमांना अधिक.

हा प्रश्न आजचा नाही. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र कर्नेल्य या परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, शताधिपतीच्या घरी जातो, आणि पुढच्याच अध्यायात त्याच्यावर पहिला आक्षेप येतो तो बाहेरच्यांबरोबर जेवल्याचा. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेतील मंडळीला बसून ठरवावे लागते की परराष्ट्रीयांनी आधी सुंता करून घ्यायची की नाही, आणि ती अट काढून टाकली जाते. त्यांना नुसते आत घेऊन मागच्या रांगेत बसवण्याचा मार्गही त्या सभेला मोकळा होता, पण तिने तो घेतला नाही. आज जी मंडळी स्वतःला समावेशक म्हणवते, तिला हाच प्रश्न विचारता येतो: तुम्ही अट काढली आहे, की अट तशीच ठेवून वागणे तेवढे सौम्य केले आहे?

जुनी, मोठी परंपरा आणि मोकळ्या मनाचे स्थानिक धर्मगुरू

पहिला पर्याय म्हणजे रोमन कॅथलिकसारख्या जागतिक परंपरेतील एखादी उदार धर्मग्रामसभा, म्हणजे स्थानिक मंडळी. जगात कुठेही गेले तरी तोच मिस्सा (मुख्य उपासनाविधी), तेच संस्कार, शतकानुशतकांची प्रार्थना, आणि कोणाच्या नजरेत न येता मागच्या बाकावर शांत बसून राहण्याची मुभा, ही या पर्यायाची बाजू भक्कम आहे. दुखावलेल्या माणसाला कधीकधी हीच अनामिकता हवी असते, आणि तिला कमी लेखू नये.

पण अधिकृत शिकवण आणि स्थानिक वागणूक यांतले अंतर इथे सर्वांत जास्त आहे. स्त्रियांना याजकीय दीक्षा देण्याचा अधिकार चर्चला नाही, असे 1994 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी जाहीर केले आणि ती भूमिका आजही कायम आहे. 18 डिसेंबर 2023 रोजी व्हॅटिकनने समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद देण्यास परवानगी दिली, तेव्हा अनेकांना मोठा बदल झाल्यासारखे वाटले. तो दस्तऐवज नीट वाचला तर दिसते की हा आशीर्वाद ठरलेल्या विधीशिवाय द्यायचा आहे, नागरी विवाहाच्या समारंभाला जोडून तो द्यायचा नाही आणि विवाहाला शोभणारा पोशाख किंवा हावभावही त्यात नको आहेत. विवाहाची व्याख्या जिथल्या तिथेच राहिली. ज्याला वर्षानुवर्षे दारच बंद मिळाले, त्याला हा आशीर्वादही मोलाचा वाटू शकतो. मात्र ज्याला वेदीसमोर विवाह हवा आहे, त्याने या वाटेवर उगीच आशा धरून बसू नये.

दुसरी गोष्ट बदलीची. जिथले स्वागत एका धर्मगुरूच्या स्वभावावर उभे असते, तिथे त्याची बदली झाली की ते स्वागतही त्याच्याबरोबर जाऊ शकते. नव्या धर्मगुरूंच्या पहिल्याच प्रवचनात सूर पालटल्याचे ऐकून निमूटपणे उठून गेलेले लोक मी पाहिले आहेत.

चर्च ऑफ इंग्लंड या पर्यायाच्या आणि पुढच्या पर्यायाच्या मध्ये कुठेतरी आहे. तिथे 1994 पासून स्त्रिया याजक आहेत आणि 2015 पासून बिशपही आहेत. तरीही जे स्थानिक चर्च ईश्वरशास्त्रीय कारणासाठी स्त्री याजक नको म्हणते, त्याला तशी व्यवस्था मागता येते. डिसेंबर 2023 पासून समलिंगी जोडप्यांसाठी प्रार्थना म्हणता येतात, पण विवाह लावता येत नाही. एकाच नावाच्या दोन चर्चमध्ये, चालत दहा मिनिटांच्या अंतरावर, दोन अगदी वेगळे अनुभव येऊ शकतात.

ज्या पंथांनी ठराव करून दार उघडले

युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या अमेरिकी पंथात 1972 मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या एका पुरुषाला दीक्षा मिळाली, आणि 1985 मध्ये त्याच्या महासभेने सर्व मंडळ्यांना आवाहन केले की आपण सर्व लैंगिक कलांच्या लोकांना स्वीकारतो, असे त्यांनी स्वतः ठराव करून जाहीर करावे. युनायटेड चर्च ऑफ कॅनडाने 1988 मध्ये ठरवले की लैंगिक कल काहीही असला तरी व्यक्ती सभासद होऊ शकते आणि दीक्षेसाठी तिचा विचार होऊ शकतो. अमेरिकेतील इव्हँजेलिकल लुथरन चर्चने 2009 मध्ये समलिंगी जोडीदारासह राहणाऱ्या पाळकांना सेवेची वाट मोकळी केली, चर्च ऑफ स्वीडनने त्याच वर्षी समलिंगी विवाह लावण्यास सुरुवात केली, एपिस्कोपल चर्चने 2015 मध्ये विवाहविधी खुले केले, आणि युनायटेड मेथडिस्ट चर्चने 1972 पासून आपल्या नियमपुस्तकात असलेले समलैंगिकतेविरुद्धचे वाक्य 2024 मध्ये काढून टाकले.

इथे काही मिळाले असेल तर ते लेखी असते, पाळक बदलल्याने पुसले जात नाही, आणि दीक्षेपासून विवाहापर्यंत सर्व दारे निदान नियमाने उघडी असतात. शिवाय उपासनेचा ढाचा बराचसा जुनाच राहतो, त्यामुळे लहानपणी पाठ झालेली प्रार्थना सोडून द्यावी लागत नाही.

तरीही पंथाचे नाव पाहून निश्चिंत होणे चूक ठरेल, कारण वरचा ठराव खालपर्यंत पोहोचतोच असे नाही. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टमध्ये प्रत्येक मंडळी स्वायत्त आहे. 1985 चा ठराव आवाहन होते, आज्ञा नव्हती, आणि त्या पंथातील प्रत्येक मंडळीने स्वतःचा ठराव केलेला नाही. लुथरनांनी 2009 मध्ये परस्परविरोधी मतांना सदसद्विवेकाच्या नावाने एकाच छपराखाली राहू दिले. मेथडिस्टांच्या 2024 च्या निर्णयानंतरही समलिंगी विवाह लावणे पाळकावर बंधनकारक नाही. हे स्वातंत्र्य समजण्यासारखे आहे. मात्र निवड करणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा होतो की प्रश्न पंथाला विचारून भागत नाही, त्या विशिष्ट मंडळीला विचारावा लागतो. ‘तुमच्या मंडळीने स्वतः ठराव केला आहे का, आणि कधी?’ एवढे विचारले तरी पुष्कळ कळते. उत्तरादाखल सभासदांनी किती महिने चर्चा केली, कोण सोडून गेले आणि तरीही ठराव का केला, हे सांगितले जात असेल, तर तिथे स्वागताची किंमत मोजली गेली आहे असे समजावे.

नाकारलेल्यांनी उभारलेली मंडळी

मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्चची पहिली उपासना 6 ऑक्टोबर 1968 रोजी लॉस एंजेलिसजवळ, ट्रॉय पेरी यांच्या घरी झाली. समलिंगी असल्यामुळे पेंटेकॉस्टल या प्रोटेस्टंट पंथातले पाळकपद गमावलेल्या पेरी यांच्याकडे त्या दिवशी बारा जण आले. 1973 च्या आरंभी तिची लॉस एंजेलिसमधील इमारत आगीत नष्ट झाली, तरी मंडळी टिकली आणि पुढे अनेक देशांत पसरली. तिचे प्रभुभोजन सभासद नसलेल्यांनाही खुले असते.

वरच्या पर्यायांपेक्षा हा पर्याय एका मूलभूत बाबतीत वेगळा आहे: इथे आलेल्याला ‘आम्ही तुम्हाला आत घेतले’ असे कोणी म्हणत नाही, कारण घर त्याच्यासारख्यांनीच बांधले आहे. स्वतःविषयी खुलासा देण्याचा थकवा ज्याला आला आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. दुसऱ्या बाजूला, अशा मंडळ्या थोड्या ठिकाणीच असतात आणि पुष्कळदा लहान असतात. पंचवीस माणसांच्या मंडळीत नवा येणारा तिसऱ्या महिन्यात खजिनदार होतो. ज्याला काम हवे आहे त्याला हे उत्तम. ज्याला आधी काही काळ नुसते बसायचे आहे, त्याने ते आधीच स्पष्ट सांगावे.

मौनात बसणारे क्वेकर

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या या परंपरेत, निदान तिच्या मौनशाखेत, ना वेदी असते ना दीक्षित पाळक. लोक गोलाकार किंवा समोरासमोर बसतात आणि आतून प्रेरणा झालेली व्यक्ती, मग ती स्त्री असो वा पुरुष, उठून थोडक्यात बोलते. ब्रिटनमधील क्वेकरांनी 2009 मध्ये समलिंगी विवाह आपल्या पद्धतीने लावण्याचा निर्णय घेतला. हे निर्णय मतदानाने होत नाहीत. सभेचा कौल काय दिसतो ते लिपिक तिथेच, सर्वांसमोर लिहितो, वाचून दाखवतो आणि सभा तो मजकूर मान्य करेपर्यंत शब्द बदलत राहतात. हळू आहे, पण ज्याचे मत एरवी बहुमताखाली दबते त्याला इथे थांबून ऐकले जाते.

मात्र ज्याला प्रभुभोजन, गायन आणि सणांचे वर्षचक्र यांवाचून उपासना अपुरी वाटते, त्याला मौनाचा तो तास फार लांब वाटेल. क्वेकरांमध्ये पाळक असलेल्या, अधिक सनातनी शाखाही आहेत, हे लक्षात ठेवावे.

जिथे नियम कोणी सांगत नाही

पाचवा प्रकार पंथाच्या नावाने ओळखता येत नाही. कॉफी, उत्तम वाद्यवृंद, लहान मुलांसाठी वेगळी खोली, आठवड्यात आलेला आपुलकीचा फोन. स्वागताच्या कलेत या मंडळ्या बाकी सर्वांच्या पुढे आहेत. दोन वर्षे सारे सुरळीत चालते. मग गायनवृंदातल्या तरुणाने आपल्या जोडीदाराची ओळख करून दिली, किंवा घटस्फोटित स्त्रीने पुनर्विवाहाची तारीख मागितली, की एका खासगी बैठकीत कळते की सेवेसाठी एक वेगळे नियमपत्र आहे. सनातनी भूमिका पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगणाऱ्या चर्चबद्दल मला याहून अधिक आदर आहे, कारण तिथे माणूस निदान डोळे उघडे ठेवून निवड करतो. इथे तो आधी मित्र जोडतो, मुलांना रुळवतो, दान देऊ लागतो, आणि मग त्याला निवड करावी लागते. या प्रकारच्या मंडळीत जाऊच नये असे मी म्हणणार नाही. पण प्रश्न पहिल्या महिन्यातच आणि लेखी विचारावा.

प्रभुभोजन कोणाला?

सर्व पर्यायांची तुलना करायला मला हे माप सर्वांत विश्वासार्ह वाटते. कॅथलिक चर्चमध्ये पवित्र सहभागिता (प्रभुभोजनाचेच तिथले नाव) सामान्यतः कॅथलिकांपुरती असते. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत कोणत्याही चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्याला ती मिळते. काही ठिकाणी बाप्तिस्म्याचीही अट नसते. पण नियमाबरोबर रीतही पाहावी. पाळक भाकर देण्याआधी काय सांगतात ते कान देऊन ऐकावे. ‘ज्यांना नको आहे त्यांनी हात छातीवर ठेवावेत, आशीर्वाद मिळेल’ असे एक साधे वाक्य नवख्याची किती अडचण दूर करते! मद्य सोडलेल्यांसाठी द्राक्षरस आणि गहू न चालणाऱ्यांसाठी वेगळी भाकर न मागता मिळते का, आणि गुडघे टेकता न येणाऱ्यापर्यंत पाळक खाली उतरून येतात का, हेही तिथेच दिसते.

अपंगत्वाच्या बाबतीत तर उदारमतवादी मंडळ्याही पुष्कळदा उताराजवळच थांबतात. दारापाशी नवाकोरा उतार असतो आणि व्यासपीठाला तीन पायऱ्या. म्हणजे चाकांच्या खुर्चीतला माणूस ऐकायला येऊ शकतो, शास्त्रपाठ वाचायला नाही. एका चर्चमध्ये वाचनाचा स्टँड खाली, पहिल्या बाकाच्या पातळीवर आणलेला मी पाहिला; चौकशी केल्यावर कळले की एका वाचकासाठी तो आणला होता आणि मग सगळ्यांनीच तिथून वाचायचे ठरवले.

वर्गभेदाबद्दल बायबलमधील याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पुरेसा बोलका आहे: सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला ‘तू तिथे उभा राहा’. लैंगिकतेविषयी अत्यंत पुरोगामी असलेल्या काही मंडळ्यांत प्रत्येक प्रवचन पदवीधरांसाठीच लिहिलेले असते, हा दोष ठराव करून जात नाही.

कोणी कुठे जावे

संस्कार आणि परंपरा हीच ज्याच्या श्रद्धेची भाषा आहे आणि जो विवाह वा दीक्षा मागणार नाही, त्याला पहिला पर्याय मर्यादेसह चालेल. जोडीदारासह, मुलांसह पूर्ण सहभाग हवा असेल तर स्वतःचा ठराव केलेली दुसऱ्या प्रकारची मंडळी मी आधी सुचवेन. ती जवळ नसेल किंवा जुन्या चर्चच्या जखमा ताज्या असतील तर तिसरी. शब्दांचाच वीट आला असेल तर क्वेकर.

कोणतीही मंडळी ठरवण्याआधी किमान एक साधा रविवार, एक प्रभुभोजनाचा रविवार आणि शक्य असल्यास वार्षिक सभा पाहावी, कारण मतभेद झाल्यावर लोक एकमेकांशी कसे बोलतात ते उपासनेत दिसत नाही. मग पाळकांना एक छोटे पत्र लिहावे: मी असा आहे किंवा अशी आहे, मी इथे सभासद होऊ शकेन का, मुलांना शिकवू शकेन का, समितीवर निवडून येऊ शकेन का, माझा विवाह इथे लागेल का? चारही प्रश्नांना होय किंवा नाही असे सरळ उत्तर आले तर निर्णय अवघड राहत नाही. ‘या, बसून चहा घेऊ, मग बोलू’ एवढेच उत्तर आले, तर चहा जरूर घ्यावा आणि तेच चार प्रश्न त्याच क्रमाने पुन्हा विचारावेत.