बोटहाऊस रो, फिलाडेल्फिया: रोषणाई पाहाच, पण सकाळ चुकवू नका

फिलाडेल्फियाच्या आर्ट म्युझियमच्या मागे, स्कूलकिल नदीच्या पूर्व काठावर नौकानयन क्लबांची ही जुनी रांग आहे. बहुतेक पाहुणे रात्री येतात. छपरांच्या कडांवर पहिल्यांदा १९७९ मध्ये दिवे लागले, आणि २०२४ मध्ये तिथे नवे एलईडी आले. रोषणाई देखणीच आहे. तरी आमचं मत असं की ही जागा उन्हाळ्यात भल्या सकाळी पाहावी, कारण हे क्लब आजही रोज पाण्यावर उतरतात.

आठ जणांची बोट सुमारे १८ मीटर लांब आणि जेमतेम शंभर किलोची. आठही जण ती डोक्यावर तोलून शेडबाहेर काढतात, कॉक्सच्या, म्हणजे बोटीला दिशा देणाऱ्या नववीच्या जागेवरच्या सुकाणूधारकाच्या, एका हुकमावर कमरेपर्यंत आणतात आणि धक्क्यावरून पाण्यात सोडतात. इथे घाई झाली की तळाची छोटी फिन धक्क्याच्या कडेला आपटते. ती मोडली तर बोट सरळ चालत नाही.

नदी इतकी संथ आहे ती लगतच्या फेअरमाउंट बंधाऱ्यामुळे. पण संथ पाण्यात गाळही बसतो, आणि तो वेळोवेळी काढावा लागतो. मोठ्या पावसानंतर प्रवाह वाढतो, ओंडके वाहत येतात आणि बंधारा जवळ असल्याने सराव थांबवतात. अशा दिवशी जाऊ नका, बोटी दिसणार नाहीत.

इमारतींत आमची पसंती क्रमांक १३ ला, अनडाइन क्लबला. वास्तुविशारद फ्रँक फर्नेसने १८८० च्या दशकात बांधलेली ही इमारत जवळून, सावकाश पाहा. दगडकाम आणि छपराची चढउतार दोन्ही अप्रतिम. शेजारच्या १४ मध्ये १९३८ साली स्थापन झालेला मुलींचा क्लब आहे.

केली ड्राइव्हच्या पायवाटेवरून फक्त रस्त्याकडची बाजू दिसते. धक्के बघायचे तर बंधाऱ्याजवळच्या वॉटर वर्क्सच्या, म्हणजे शहराच्या जुन्या पाणीपुरवठा केंद्राच्या, आवारात जा. अख्खी रांग एका नजरेत हवी असेल तर पश्चिम काठावरचा मार्टिन ल्यूथर किंग ड्राइव्ह गाठा. पायवाटेवर सायकली वेगात येतात, फोटोसाठी मध्येच थांबू नका.

क्रमांक १ चा लॉइड हॉल सर्वांसाठी खुला आहे. बाकीचे क्लब खासगी. सभासदासोबत नसाल तर आत प्रवेश नाही, आणि तासावर बोट भाड्याने मिळेल ही आशाही नको. ऑक्टोबरअखेरीच्या 'हेड ऑफ द स्कूलकिल' शर्यतीला यायचं असेल तर गाडी घरी ठेवा, पार्किंग मिळत नाही.