पालथं की उभं, दोन मैल की बारा?

कॅलिफोर्नियात मुलाकडे निघालेल्या माझ्या एका बडोदेकर मित्राने विचारलं, "कॅपिटोलाला जे मोरियारिटीच्या स्मरणार्थ पॅडलबोर्डची शर्यत असते, तिच्यात उतरू का?" उतर की! ठरवायचं एवढंच, की लांबट, तरंगत्या बोर्डावर पालथं पडून जायचं की उभं राहून, आणि दोन मैलांच्या शर्यतीत उतरायचं की बारा मैलांच्या.

जे हा कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझचा सर्फर, म्हणजे फळीवर उभा राहून लाटांवर स्वार होणारा. डिसेंबर १९९४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या मॅव्हरिक्स नावाच्या जागी एका अजस्र लाटेने त्याला उलथवून टाकलं. त्या क्षणाचा फोटो गाजला खरा, पण मला कौतुक वाटतं ते त्याच दिवशी तो पुन्हा लाटांवर गेला याचं. १५ जून २००१ रोजी मालदीवला समुद्रात एकटाच बुडी मारायला गेला, तो परतला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला तेवीस पूर्ण झाली असती.

आधी अंतर. दोन मैल म्हणजे सव्वातीन किलोमीटर, बारा मैल म्हणजे एकोणीसच्या वर. नवख्याने ताशी पाचचा वेग धरला तर पहिल्याला चाळीस मिनिटं, दुसऱ्याला जवळजवळ चार तास. ज्याने अजून समुद्रात बोर्ड घातलेला नाही, त्याने बाराचं नावही काढू नये. यात भिडस्तपणा कसला?

खरा पेच पालथं की उभं हा. उभ्या बोर्डावर हातात वल्हं असतं, हात कोरडे राहतात, मान सरळ राहते. तळ्यात दोन दिवसांत जमतं. पण वारा सुटला की उभा माणूस म्हणजे शीडच, आणि बारीक उलटसुलट लाटांत पोटऱ्या बोलायला लागतात. पालथ्या बोर्डावर वल्हं नाही. दोन्ही हातांनी पाणी मागे ओढायचं, कंटाळा आला की गुडघ्यांवर बसून. वजन खाली, त्यामुळे पडणं कमी. किंमत मोजतात खांदे आणि मान, शिवाय पन्नाशीतले गुडघे. तिथलं पाणी उन्हाळ्यातही साधारण तेरा-पंधरा अंश, म्हणजे बोटं बधिर. वेटसूट, म्हणजे थंडी अडवणारा रबरी पोशाख, दोन्हीकडे हवाच. समुद्री शेवाळाचे केल्प नावाचे लांबलचक पट्टेही बोर्डाखालच्या परात (फिनमध्ये) अडकतात, तेव्हा मागे हात घालून सोडवायचे. उभा असशील तर आधी खाली बसायचं.

माझं मत: दोन मैल, पालथं. जे मोरियारिटी बोर्डावर असा पालथा पडून, हातांनीच पाणी कापत लाटांपर्यंत जायचा, हे एक कारण. दुसरं अगदी बडोद्याचं. विश्वामित्रीत मगरी, आजवा तलावातही मगरी, आणि खंभातच्या आखातात गाळ आणि भयंकर भरती-ओहोटी. बोर्ड टाकायचा कुठे? उभं राहण्याचा तोल कोरड्यात शिकता येत नाही. पालथ्याची ताकद मात्र येते. तरणतलावात पायांत फ्लोट धरून फक्त हातांनी पोहायचं, मान वर ठेवून. सकाळी दंड काढायचे. आखाड्याची सवय असलेल्याला वेगळं सांगायला नको. निघण्याआधी आठवडाभर कोकण रेल्वेने कर्नाटकच्या किनाऱ्यावरच्या मुल्कीला जाऊन खाऱ्या पाण्यात बोर्डाची ओळख करून घेतलीस तर उत्तम.

बारा फुटी बोर्ड इथून न्यायच्या भानगडीत पडू नकोस, तिथे भाड्याने घे. पालथे बोर्ड उभ्यांपेक्षा कमी दुकानांत असतात, म्हणून मुलाला आधीच चौकशी करायला सांग. नाहीच मिळाला, तर उभा बोर्ड घे आणि वारा सुटला की निःसंकोच गुडघ्यांवर बस.