सापडलेलं पिवळं सोनं आहे का? अंगठीला एक परीक्षा, नाण्याला दुसरी

मेटल डिटेक्टरच्या पडद्यावरच्या आकड्यावरून सोनं ओळखता येत नाही. सोन्याची बारीक अंगठी आणि कॅनची ॲल्युमिनियमची कडी जवळपास सारखाच आकडा दाखवतात. खरी पारख वस्तू हातात आल्यावरच होते.

लोहचुंबक झटपट काम करतं, पण ते फक्त नकार देऊ शकतं: चिकटलं ते सोनं नाही, एवढंच. पितळ, तांबं, चांदीही त्याला चिकटत नाहीत. साखळीच्या फाशातली स्प्रिंग मात्र बहुधा पोलादी असते. तेवढीच ओढली गेली म्हणून साखळी टाकून देऊ नका.

दागिन्यावर शिक्का शोधा: 916 म्हणजे 22 कॅरेट, 750 म्हणजे 18, 585 म्हणजे 14. पण शिक्का खोटाही मारता येतो, आणि जुन्या दागिन्यांवर अनेकदा नसतोच.

माझा कौल पाण्याला. 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. वस्तू आधी कोरडी तोला, मग काट्याला दोऱ्याने टांगून पाण्यात पूर्ण बुडवून तोला. कोरड्या वजनाला घटलेल्या वजनाने भागा. 5.30 ग्रॅमच्या अंगठीचं वजन 0.30 ने घटलं, तर उत्तर 17.7 येतं, म्हणजे साधारण 22 कॅरेट. पितळाचं उत्तर साडेआठच्या आसपास येतं, शुद्ध सोन्याचं 19.3. खडा बसवलेल्या किंवा पोकळ दागिन्याला हा हिशेब लागू पडत नाही. टंगस्टनची घनताही सोन्याइतकीच असते, त्यामुळे मोठ्या ऐवजाला आणखी एक परीक्षा हवी.

कसोटीच्या दगडावर रेघ ओढून आम्ल लावणं दागिन्याला चालतं, कारण जातो तो कणभर धातू. तरी जाड मुलामा असेल तर रेघही फसवते. एक्स-रे यंत्र ओरखडाही पाडत नाही, पण तेही वरचाच थर वाचतं.

नाण्याला मात्र कस लावू नका, हे कळकळीने सांगतो. त्याची किंमत धातूइतकीच, कधी त्याहून कितीतरी जास्त, त्याच्या पृष्ठभागात असते. ब्रश, सोडा, लिंबू काहीच नको. साध्या पाण्याने माती सुटेल तेवढीच सोडवा. मग वजन आणि व्यास मोजून त्या नाण्याच्या ठरलेल्या मापांशी ताडा. ब्रिटिश सॉव्हरिन हे सोन्याचं नाणं 7.98 ग्रॅमचं आणि 22.05 मिलिमीटर व्यासाचं असतं. ठोकून पाडलेल्या नाण्याच्या कडेवर साच्याची जोडरेघ दिसली, तर ते ओतीव नक्कल समजा.

नाणं निघालं ती जागा आणि खोली तिथेच लिहून ठेवा. अनेक देशांत असा ऐवज सरकारला कळवावा लागतो, आणि तिथे या नोंदीबद्दल विचारतात.