रायगड की राजगड, आधी कोणता?

स्वराज्याच्या दोन राजधान्यांपैकी एकच नीट पाहायला सवड असेल, तर बहुतेक जण रायगड सुचवतात. त्यात गैर काही नाही. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक तिथला, ३ एप्रिल १६८० ला महाराजांनी देह ठेवला तोही तिथेच. जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचं कोरलेलं नाव वाचताना अंगावर काटा येतो. रोपवेमुळे घरातली वडीलधारी माणसंही वर येऊ शकतात, हा मुद्दा मी हलका मानत नाही.

तरीही माझा कौल, थोड्या संकोचाने, राजगडाला.

यामागे कदाचित माझा स्वभाव असेल. १८१८ मध्ये इंग्रजांच्या तोफमाऱ्यात रायगडावरचे लाकडी इमले जळाले, उरली ती जोती. राणीवसा, वाडे, बाजारपेठ, सगळं आता जोत्यांवरून मनात उभं करायचं आणि त्याला निवांतपणा लागतो. सुट्टीच्या दिवशी नेमका तोच मिळत नाही. एका घोळक्याचा वाटाड्या सांगून थांबतो न थांबतो तोच दुसऱ्याचा सुरू होतो. हिरकणी, टकमक टोक, घोड्यावर बसूनच केलेली बाजारपेठेतली खरेदी, तेच किस्से त्याच क्रमाने, वरच्या पट्टीत. राजसभेची तर रचनाच अशी, की नगारखान्याजवळचं बोलणं सिंहासनाच्या जागेपर्यंत पोहोचावं. मग गलकाही पोहोचतो. तिथे उभं राहून दरबाराचा विचार करणं मला तरी कधी साधलेलं नाही. आडवारी, भल्या सकाळी गेलात तर तुमचा अनुभव वेगळा असू शकेल.

राजगडावरही वाड्यांची जोतीच उरली आहेत. पण तिथे तट बोलतो. संजीवनी माचीचा, म्हणजे गडाच्या डोंगरसोंडेवरच्या तटबंद सपाटीचा, दुहेरी तट बघा. बाहेरची भिंत ढासळली तरी आत घुसलेला शत्रू दोन भिंतींमधल्या चिंचोळ्या जागेत अडकावा, हा बेत त्या अरुंद पायऱ्या उतरताना आपोआप उलगडतो, कुणी समजावून सांगावा लागत नाही. माच्या लांबवर पसरलेल्या असल्याने गर्दी विखुरते. सुवेळा माचीच्या नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, तर थोडेच जण जातात.

शिवाय काळही मोठा. मुरुंबदेवाच्या डोंगरावर महाराजांनी हा गड बांधला आणि सुमारे २५ वर्षं कारभार इथून चालला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांकडे गेले, हा राहिला. आग्र्याहून सुटून महाराज परतले ते इथेच. राजाराम महाराजांचा जन्मही इथला, १६७० चा.

राजधानी इथून का हलली, तेही बालेकिल्ल्यावर, म्हणजे गडाच्या सगळ्यात उंच भागावर, गेल्यावर थोडंफार ध्यानात येतं. जागा अतिशय बळकट, पण माथा तोकडा. रायगडाचा माथा ऐसपैस, कोकणातला आणि समुद्राला जवळ. म्हणून मी आधी राजगड पाहा म्हणेन, रायगड त्यानंतर.

चढ मात्र दमवतो. गुडघे कुरकुरत असतील किंवा लहान मुलं सोबत असतील तर सरळ रायगड धरा. राजगड ठरलाच तर पाली दरवाज्याने चढा, वाट रुंद आणि पायऱ्यांची आहे. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याची वाट जवळची असली तरी शेवटी खडी होते. बालेकिल्ल्याचा कातळ पावसात निसरडा असतो, त्यामुळे हिवाळाच बरा.